आंदण म्हणून जायचं नव्हतं तिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर जॉर्ज वॉशिंग्टन, म्हणजे अमेरिकेचा पहिला प्रेसिडेंट, आणि चेरीच्या झाडाची गोष्ट परत छापून आली (लहानपणी त्याने बापाचं चेरीचं झाड कुऱ्हाडीने तोडलं आणि खरं ते कबूल केलं, ती), म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. रागाने लिहीत नाहीये. ही गोष्ट मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला जवळजवळ तीस वर्षं सांगितलीय, हातात कुऱ्हाड असल्यासारखा हात फिरवून, आणि शेवटी "बाबा, मी खोटं बोलणार नाही" म्हणताना आवाज बारीक करून. पोरं अगदी गप्प बसून ऐकायची. ती गोष्ट वीम्स नावाच्या एका चरित्रकाराने वॉशिंग्टन वारल्यानंतर, १८०६ च्या आवृत्तीत घातली आणि तिला काही आधार नाही हे मला रिटायर झाल्यावर कळलं. त्याचं एवढं वाईट नाही वाटलं, गोष्टी अशा तयार होतातच. पण त्याच माणसाच्या घरातली एक खरी गोष्ट आहे, पूर्ण कागदोपत्री पुरावा असलेली, आणि ती आपण मराठीत मुलांना कधीच सांगत नाही, याचं मात्र मला फार वाईट वाटतं.

२०२३ ला मी मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा एका शनिवारी तो आम्हाला फिलाडेल्फियाला घेऊन गेला, लिबर्टी बेल बघायला. ती तडा गेलेली मोठी घंटा, स्वातंत्र्याची खूण म्हणून सगळे बघतात. तिच्या अगदी बाजूला, रस्त्याला लागून, एक छप्पर नसलेली वास्तू आहे, नुसत्या अर्ध्या भिंती, खिडक्यांच्या चौकटी, आणि मधे काचेतून खाली बघितलं की जुन्या घराचा पाया दिसतो. वॉशिंग्टन प्रेसिडेंट असताना ज्या भाड्याच्या घरात राहायचा ते हे घर, व्हाइट हाऊस बांधून व्हायच्या आधीचं. तिथे एका भिंतीवर नऊ नावं कोरलेली आहेत. मला वाटलं मंत्री असतील. मुलगा म्हणाला, "आई, हे त्याचे गुलाम होते, याच घरातले." त्या नऊ जणांत एक होती ओना. घरात तिला ओनी म्हणायचे.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. नंतर घरी येऊन मुलाच्या मदतीने मिळेल ते वाचत गेले आणि आता दोन वर्षं झाली ती मुलगी डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तिची गोष्ट सांगते मग माझं म्हणणं.

ओना जज. जन्म १७७३ च्या आसपास, व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या इस्टेटीवर. आई बेट्टी, गुलाम, शिवणकामात हुशार. बाप अँड्र्यू जज, गोरा इंग्रज शिंपी, करारावर काम करायला आलेला. कराराची वर्षं भरल्यावर बाप मोकळा झाला आणि निघून गेला, पोरगी मात्र आईवर गेली, म्हणजे कायद्याने गुलाम, कारण तिथला कायदाच होता की मूल आईच्या दर्जाचं. आणि बेट्टी वॉशिंग्टनचीसुद्धा नव्हती, ती वॉशिंग्टनच्या बायकोच्या, मार्थाच्या, पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या इस्टेटीतली होती. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे याच कागदाने सगळा घात केला.

दहाव्या वर्षी ओनाला मोठ्या घरात घेतलं, मार्थाबाईंच्या खास दिमतीला. मालकिणीचे केस करणं, कपडे घालणं, झालरी लावणं, लेस दुरुस्त करणं, जिथे जाईल तिथे मागे उभं राहणं. वॉशिंग्टनने स्वतः नंतर पत्रात लिहिलंय की सुईच्या कामात ही मुलगी एकदम तरबेज होती. मी स्वतः शिवणकाम करते, म्हणून त्या वाक्याशी अडखळले. झालरीला हाताने बारीक चुण्या घालायच्या तर डोळे आणि मान किती दुखते ते मला माहितीय, आणि ते मी माझ्या नातीच्या फ्रॉकला हौसेनं केलेलं, मेणबत्तीच्या उजेडात दुसऱ्याच्या गाऊनला नाही.

१७८९ ला वॉशिंग्टन प्रेसिडेंट झाला, तर ओना आधी न्यूयॉर्कला आणि १७९० ला फिलाडेल्फियाला. आता फिलाडेल्फियात एक गंमतीचा नाही, फार महत्त्वाचा कायदा होता. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेन्सिल्व्हेनियाने १७८० मध्येच गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा केला होता, आणि त्यात असं होतं की बाहेरच्या राज्यातला माणूस आपला गुलाम घेऊन सलग सहा महिने इथे राहिला तर तो गुलाम मोकळा. वॉशिंग्टनच्या सरकारातल्या ॲटर्नी जनरलच्याच, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाच्याच, घरचे गुलाम या कायद्याने सुटून गेले, तेव्हा हे घर सावध झालं. मग काय करायचे तर सहा महिने भरायच्या आत एकेकाला राज्याच्या बाहेर नेऊन आणायचे, कधी माउंट व्हर्ननला, कधी नुसती नदी ओलांडून न्यू जर्सीत. ओनालाही मार्थाबाई तसं घेऊन गेल्या होत्या. १७८८ ला ही पळवाट कायद्याने बंद केलेली होती तरी हे चालू राहिलं. आणि एप्रिल १७९१ मध्ये वॉशिंग्टनने आपल्या सेक्रेटरीला लेखी कळवलं की हे अशा काहीतरी बहाण्याने करा की गुलामांना पण कळणार नाही आणि लोकांना पण नाही. हे पत्र आजही आहे. मी हे वाचलं तेव्हा मला माझा वर्ग डोळ्यापुढे आला, ती चाळीस पोरं आणि माझा तो बारीक केलेला आवाज.

पण फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर ओनाला दुसरंच काहीतरी दिसत होतं. तिच्याच रंगाचे लोक, स्वतःच्या नावाने धंदा करणारे, स्वतःच्या चर्चला जाणारे, संध्याकाळी स्वतःच्या घरी परत जाणारे. तिने त्यांच्यात ओळखी केल्या. कधी, कशा, कुठे, ते तिने कोणाला कळू दिलं नाही.

१७९६ च्या वसंतात मार्थाबाईंच्या नातीचं, एलिझाबेथचं लग्न झालं आणि ठरलं की ओना तिला द्यायची. लग्नाची भेट म्हणून. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, आंदण. मुलीबरोबर भांडी, दागिने, गाय, आणि जुन्या काळी बटीक. आपण आजही किती सहज बोलतो ना, "हे काय तुला आंदण दिलंय का", पण त्या आंदणात एकेकाळी बाई पण असायची हे विसरून गेलो. पेशवाईतल्या कुणबिणी म्हणजे काय, शेतकरी कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली किंवा सरकारात जमा झालेली बाई, कोठीत दळण-कांडण करणारी, जिची किंमत वहीत लिहिलेली असायची. बदकर्माचा आरोप ठेवून बाईला कुणबीण करून टाकायची शिक्षाच होती. म्हणून मला कोणी म्हणालं की कुठली अमेरिका नि कुठली ती पोरगी, तिचं आपल्याला काय, तर मला ते पटत नाही.

ओनाला ती नात माहीत होती, तिचा स्वभाव माहीत होता, आणि तिने मनाशी ठरवलं की हिची गुलाम व्हायचं नाही. तिला हेही कळत होतं की आता एकदा व्हर्जिनियाला गेलो की संपलं. उन्हाळ्यासाठी सगळं घर माउंट व्हर्ननला निघायची बांधाबांध चालू होती. म्हातारपणी तिने स्वतः सांगितलंय ते असं, की ते लोक व्हर्जिनियाला जायचं सामान बांधत होते आणि मी पण बांधत होते, कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. तिने आपले कपडे आधीच ओळखीच्या लोकांकडे पोचवून ठेवले. आणि २१ मे १७९६ ला, मालक-मालकीण जेवायला बसलेले असताना, ती घरातून चालत बाहेर पडली.

बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. लिहिता-वाचता येत नव्हतं. घर जगातल्या एका नव्या देशाच्या प्रेसिडेंटचं. आणि पळालेला गुलाम कुठल्याही राज्यातून पकडून आणायचा कायदा त्याच प्रेसिडेंटने तीन वर्षांपूर्वी, १७९३ ला, सही करून मंजूर केलेला.

दोन-तीन दिवसांत पेपरात जाहिरात आली, घरच्या कारभाऱ्याच्या नावाने. मुलगी पळाली आहे, रंग उजळ, तोंडावर पुष्कळ ठिपके, डोळे खूप काळे, केस काळे दाट, अंगाने बारीक, नाजूक, कपडे तिच्याकडे चांगले आणि भरपूर आहेत. आणून देईल त्याला दहा डॉलर. आणि त्यात एक वाक्य आहे की ती जाईल असा कोणाला संशय नव्हता आणि तिने जावं असं काही कारणही घडलेलं नव्हतं.

कारण घडलेलं नव्हतं! संपादक साहेब, माझं सगळं पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे.

ती तोपर्यंत नॅन्सी नावाच्या जहाजावरून न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ बंदराला पोचली होती. त्या जहाजाच्या कॅप्टनचं नाव, जॉन बोल्स, तिने तो मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, त्याला त्रास होऊ नये म्हणून. पोर्ट्समथला धुणं-भांडी, घासणं-पुसणं, मिळेल ते काम करायला लागली. पण थोड्याच दिवसांत सिनेटर लँगडनच्या मुलीने तिला ओळखलं, ती मार्थाबाईंच्या घरी येणारी-जाणारी, आणि बातमी फिलाडेल्फियाला गेली.

मग प्रेसिडेंटने अर्थमंत्र्याला पत्र लिहिलं आणि अर्थमंत्र्याने पोर्ट्समथच्या कस्टमच्या अधिकाऱ्याला, जोसेफ व्हिपल त्याचं नाव. एका शिवणकाम करणाऱ्या पोरीसाठी देशाचं अर्थखातं कामाला लागलं. त्या पत्रात वॉशिंग्टन लिहितो की आमच्याकडे ती नोकरापेक्षा पोटच्या पोरीसारखी वाढली, वागवली, आणि ही कृतघ्नपणाची गोष्ट अशीच सुटून जाता कामा नये. त्याला वाटत होतं कुठल्यातरी फ्रेंच माणसाने तिला फूस लावली असणार. म्हणजे तिला स्वतःला काही वाटलं असेल हे डोक्यातच येत नाही.

व्हिपलने तिला घरकामाला बाई पाहिजे म्हणून बोलावलं आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हिला कोणीही फूस लावलेली नाही, हिला पूर्ण स्वातंत्र्याची तहान आहे, तसं त्याने कळवलं सुद्धा. ती म्हणाली एका अटीवर येते, की तुम्ही दोघं, मालक-मालकीण, वारल्यावर मला मोकळं कराल असं वचन द्या. किती छोटं मागणं होतं ते, तुमचं आयुष्य संपेपर्यंत सेवा करते, पण मला दुसऱ्याच्या नावावर करू नका. वॉशिंग्टनने उत्तर दिलं की अशी तडजोड अजिबात मान्य होण्यासारखी नाही, असं केलं तर बेइमानीला बक्षीस दिल्यासारखं होईल आणि जे बाकीचे प्रामाणिकपणे राहिलेत त्यांची मनं बिघडतील.

ती गेली नाही. जानेवारी १७९७ मध्ये जॅक स्टेन्स नावाच्या मोकळ्या काळ्या खलाशाशी तिने लग्न केलं. १७९९ ला मार्थाबाईंचा भाचा बर्वेल बॅसेट तिला न्यायला आला, आधी समजुतीने. ती म्हणाली, मी आता मोकळी आहे आणि मोकळीच राहणार. मग तो रात्री त्याच सिनेटर लँगडनकडे जेवायला असताना बोलून गेला की आता तिला आणि तिच्या बाळाला जबरदस्तीने नेणार. लँगडनने गुपचूप तिला निरोप पाठवला. नवरा समुद्रावर, पदरात तान्हं मूल. तिने घोडागाडी भाड्याने केली आणि शेजारच्या ग्रीनलंड गावी एका काळ्या कुटुंबाकडे जाऊन लपली. बॅसेट हात हलवत परत गेला.

त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टन वारला. त्याने मृत्युपत्रात आपल्या १२३ गुलामांना मोकळं करायचं लिहिलं होतं, ते खरंय आणि ते सांगायलाच पाहिजे. पण ओना कस्टिस इस्टेटीची, त्यामुळे त्या कागदात ती बसत नव्हती. १८०२ ला मार्थाबाई गेल्यावर कस्टिसचे गुलाम नातवंडांत वाटले गेले. ओना पोर्ट्समथजवळ स्वतःच्या पायावर राहत होती तरी कागदावर मरेपर्यंत कोणाच्यातरी मालकीचीच होती, आणि तिची तीन मुलं बाप मोकळा असूनसुद्धा आईमुळे गुलाम. आणि ज्या नातीला ती आंदण जाणार होती तिला ओनाच्या ऐवजी ओनाची धाकटी बहीण डेल्फी दिली. ही गोष्ट वाचताना मला थांबावं लागलं. ओनाला हे कळलं असेल तेव्हा काय झालं असेल तिचं, त्याबद्दल ती कुठे बोललेली नाही.

पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं, तेही मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. नवरा १८०३ मध्ये गेला. दोन मुली तिच्या डोळ्यादेखत गेल्या. म्हातारपणी गावाच्या मदतीवर जगली. पण ती वाचायला शिकली. १८४५ मध्ये पेपरवाले तिच्याकडे आले, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे, तिने आणि तिच्याच शब्दांत. तिला विचारलं, बाई, तिथे इतकं चांगलं होतं, इथे इतके कष्ट काढले, वॉशिंग्टनला सोडल्याचं वाईट वाटतं का. ती म्हणाली, नाही, मी मोकळी आहे आणि त्यामुळेच देवाचं लेकरू झाले असा माझा विश्वास आहे. २५ फेब्रुवारी १८४८ ला ती गेली.

आता माझं.

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आमच्या नात्यातल्या एका घरी (नाव लिहीत नाही) माण तालुक्यातली एक मुलगी कामाला आणून ठेवली होती, माझ्याच वयाची. तिचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. बापाने त्या घरातून काही पैसे उचललेले, ते फिटेपर्यंत पोरगी इथे राहणार. सगळे म्हणायचे, अगदी घरच्यासारखी आहे, आमच्यातलंच खाते, दिवाळीला फ्रॉक घेतला. फ्रॉक माझा होता, जुना, निळा, त्याचं एक बटण मीच तोडलेलं. एक दिवस दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना ती राखेचे हात तसेच ठेवून मागच्या दाराने गेली. भांडी अर्धी घासलेली तिथेच. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरून तिला परत आणलं. सगळ्यांनी तिला विचारलं, "काय कमी होतं गं तुला इथे?" मी पण विचारलं. मोठ्या माणसांचं ऐकून, तसाच हात कमरेवर ठेवून. ती काही बोलली नाही, नुसती खाली बघत राहिली, आणि मला राग आला होता की आपला फ्रॉक घालते आणि पळून जाते.

पैसे देऊन माणसाचे कष्ट बांधून घेणं याला वेठबिगारी म्हणतात आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे हे मी पुढे स्वतः वर्गात शिकवलं, आणि शिकवताना तिची आठवण यायची पण मी ती बाजूला सारायचे. पोटच्या पोरीसारखी वाढवली हे वाक्य वॉशिंग्टनच्या पत्रात वाचलं तेव्हा मात्र नाही सारता आली. अमेरिकेतली गुलामगिरी आणि आमच्या घरातली ती गोष्ट एकच असं मी म्हणत नाही, तिथे माणसं विकली जात होती, पिढ्यान्‌पिढ्या, चाबकाखाली. पण "काय कमी होतं तुला" हा प्रश्न तोच आहे. दहा डॉलरच्या जाहिरातीतलं ते वाक्य आणि आमच्या पडवीतलं ते वाक्य, मला तरी त्यात फरक सापडला नाही.

वॉशिंग्टनचा स्वयंपाकी हर्क्युलिस सुद्धा १७९७ ला पळाला, वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच. मागे त्याची सहा वर्षांची मुलगी राहिली. एका फ्रेंच पाहुण्याच्या नोकराने तिला विचारलं की बाबा परत दिसणार नाहीत म्हणून तुला वाईट वाटत असेल ना, तर ती पोर म्हणाली, मला तर आनंद झालाय, ते आता मोकळे आहेत. सहा वर्षांच्या लेकराला जे समजलं ते मला अकराव्या वर्षी समजलं नव्हतं.

महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मोकळं करायला मदत केली त्यांना अर्पण केलं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांनी हा धागा जोडला होता. आणि आमच्या वर्गांत पोचलं काय तर चेरीचं झाड.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की त्याच मुलांच्या पानावर ओनाची गोष्ट छापा. वॉशिंग्टनला शिव्या द्यायच्या म्हणून नाही. मुलांना तो मोठा माणूस होता हे कळू दे आणि त्याच्या घरातून कोण का निघून गेलं हेही कळू दे, मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त समजून घेतात, मी तीस वर्षं बघितलंय. मी लिहून द्यायला तयार आहे, अर्ध्या पानात बसवते, मानधन नको. फक्त चित्र काढणाऱ्यांना एक सांगाल का, प्लीज, की तिला साखळदंडात दाखवू नका. जेवणाचं टेबल काढा, माणसं जेवतायत, आणि दुसऱ्या बाजूला दार उघडं, आणि एक मुलगी पायरी उतरतेय, डोक्यावर स्वच्छ टोपी, हात रिकामे, कारण तिची गाठोडी तिच्या आधीच पुढे गेलेली आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा